धुऱ्यावर थांबलेला पाय

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा सदुसष्ट. हे शाळेच्या दाखल्यावरचं वय. आमच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी, एक जूनला, जन्माला घातलं होतं. खरी तारीख आईला माहीत असेल, पण विचारलं की ती पोळ्याच्या आसपास एवढंच सांगायची. शिक्षण चौथी. पुढची शाळा डोणगावला होती, आणि बापाला वाटलं की पोरगं सही करायला शिकलं, तेवढं बस्स झालं. सही मी अजून झकास करतो. लिहायला बसलो त्याचं कारण असं, की त्या वर्षी माझ्या चुलतभावानं माझ्यावर जमिनीची मोजणी लावली, आणि त्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी जमीन नव्हतीच. माझ्या डाव्या पायाची पोटरी होती.

आधी सिगारेटचं सांगतो. तरुणपणी मी दोन-तीन हंगाम मलकापूरला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला होतो. आत काडी ओढायची सक्त मनाई. त्यामुळे सुट्टी झाली की सगळे फाटकाबाहेर. आम्ही मजूर रांगेनं उकिडवे बसून विड्या ओढायचो आणि मुनीम बाजूला उभा राहून सिगारेट ओढायचा. मी रोज बघायचो. विडी बसून ओढतात आणि सिगारेट उभ्यानं, हे माझ्या ध्यानात आलं. त्याच हंगामात मी विडी सोडली आणि उभा राहिलो. बायको अजून सांगते, की लग्नात सासऱ्यानं पानसुपारीच्या ताटात विडीचा कट्टा ठेवला तेव्हा जावयानं तो हातानं बाजूला सारला. सारला. मग लग्नात माणसाची काही पत दिसायला नको?

लोक म्हणायचे, सिगारेटीनं छाती खराब होते. आता हे मी तपासून घेतलेलं होतं. काही वर्षांपूर्वी खोकला लांबला, तेव्हा मेहकरला छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फोटो साफ आहे, तरी पण सिगारेट सोडा. यातलं पहिलं वाक्य मी घरी आणलं, दुसरं तिथंच ठेवलं. तो काळा फोटो मी चहाच्या टपरीवर उन्हाकडे धरून सगळ्यांना दाखवला. त्यात काय बघायचं ते कोणालाच कळत नव्हतं, मलाही नाही, तरी सगळ्यांनी माना हलवल्या. माझं म्हणणं सरळ होतं. धूर जातो छातीत. छाती साफ. मग झगडा कशाचा? पाकिटावर सरकार चित्रं छापतं, सडक्या घशाची नाही तर फुप्फुसाची. पायाचं चित्र काही मी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं तरी म्हटलं असतं, की तोंडाचा अन् पायाचा काय संबंध, मधात अख्खा माणूस आहे.

तर पाय. आमच्या गावात आता दाढी करायलाही लोक मोटारसायकलवर जातात. मी वावरात चालत जातो, आणि चालताना कोणी पुढं गेलेलं मला खपत नाही. त्या वर्षी दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, तूर उभी होती, हरभरा नुकता वर आला होता. एक दिवस नाल्याची चढण चढून पुढं आलो आणि डाव्या पोटरीत गोळा आला. कोणी ओलं धोतर पिळावं तशी पोटरी आतून पिळली गेली. थांबलो. जराशानं गोळा गेला. पुन्हा चाललो, तर वावरातल्या खोपीपर्यंत पोचायच्या आत पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी तीच चढण, तीच जागा, तोच गोळा. बसलेलं असताना पाय एकदम शहाणा. चाललं की बिघडला.

बायकोनं तिळाचं तेल चोळलं, एरंडाची पानं गरम करून बांधली, आणि वात आहे असं ठरवलं. त्या पायाची नडगी गुळगुळीत झाली होती, केस झडले होते. पंजा थंडगार लागायचा. अंगठ्याजवळ चपलेचा पट्टा घासून एक जखम झाली होती, ती हळद लावूनही भरत नव्हती. या सगळ्याला मी थंडी म्हणायचो.

पण खरी अडचण वेगळी होती. पाय ज्या जागी थांबायचा, ती जागा म्हणजे माझ्या आणि चुलतभावाच्या वावरांमधला धुरा. धुरा म्हणजे बांध. बापांनी वाटणी केली तेव्हा घातलेला. आमच्याकडे धुऱ्यापायी किती भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत हे मोजायला बसलं तर गावात बोलणारे भाऊ मोजणं सोपं जाईल. आणि मी रोज सकाळी नेमका त्याच धुऱ्यावर येऊन उभा.

नुसतं उभं राहता येत नाही. माणूस नुसता उभा राहिला की लोक विचारतात, काय झालं. म्हणून मी सिगारेट पेटवायचो. सिगारेट हातात असली की माणूस थांबलेला दिसत नाही, ओढताना दिसतो. कधी कधी गोळा लवकर जायचा नाही, मग दुसरी पेटवायचो. आणि डोळ्यांना कुठं तरी ठेवायला पाहिजे, म्हणून त्याच्या तुरीकडे बघत राहायचो.

पहिल्या दिवशी चुलतभाऊ लांबून आला. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान.

"जयभीम दादा. काय पाहून राह्यले?"

"जयभीम. तुही तूर."

"तुरीत काय हाये पाहासारखं?"

"शेंगा कमी हायेत."

तो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. "आजबी तूरच?"

"नाई. हरभरा."

"हरभरा तिकडं हाये दादा. तुमी धुऱ्याकडं पाहून राह्यले."

"माह्या डोयाचं मी पाहीन. तू तुह्या बैलाचं पाह्य."

मला वाटलं, चांगलं उत्तर दिलं. त्यानं ते उत्तर घरी नेलं, बायकोसमोर ठेवलं, आणि दोघांनी मिळून त्याचा अर्थ लावला. म्हातारा रोज येतो, एकाच जागी उभा राहतो, सिगारेट ओढतो, धुऱ्याकडे टक लावून बघतो, विचारलं तर चिडतो. म्हणजे म्हाताऱ्याच्या मनात धुरा सरकवायचा आहे. मला त्याला दोष देता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं, आणि मी आठ दिवस आधीच अर्ज लावला असता.

तालुक्याहून नोटीस आली, लगतचे खातेदार म्हणून मोजणीला हजर राहा. मी सही केली. झकास केली. आणि मग घरात येऊन बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बायको ऐकत बसली होती. माझं झाल्यावर म्हणाली, "पाय दुखते म्हणून सांगा न त्याले. अर्ज मांगं घेईन तो."

"काय सांगू? मी मातारा झालो म्हणून सांगू?"

"तुमी तरणे हा, असं कोणाले वाटून राह्यलं?"

"तू गप बस."

"जमीन चोरते म्हटलेलं चालते तुमाले. लंगडते म्हटलेलं चालत नाई. बरं हाये."

हे तिनं बरोबर ओळखलं होतं. जमीन चोरणाऱ्याला लोक शिव्या देतात, पण घाबरतात. लंगडणाऱ्याला लोक खुर्ची देतात. मला खुर्ची नको होती.

मोजणीच्या दिवशी मोजणीवाला आला. तरणा पोरगा, हातात काठी, काठीवर पांढरी थाळी बसवलेलं यंत्र. म्हणे ते वर आभाळातल्या उपग्रहाशी बोलतं. गावातले चार जण पंच म्हणून आले होते, आणि बाकीचे चार जण ज्यांना काही काम नव्हतं ते. चुलतभाऊ नवा सदरा घालून. मोजणीवाला म्हणाला, चला, हद्दीनं फिरू. आता हद्दीनं फिरायचं म्हणजे चालायचं, तेही ढेकळातून.

थोडं अंतर ठीक गेलं. मग गोळा आला.

"थांबा," मी म्हटलं. "इथं पुन्ना मोजा."

मोजणीवाल्यानं पुन्हा मोजलं. तेवढ्यात माझी सिगारेट झाली. पुढं निघालो. पुन्हा गोळा.

"थांबा. इथंबी मोजा."

"काका, मशीन चुकत नाही."

"मशीन नाई चुकत. धरणारा चुकते."

चुलतभाऊ पंचांना म्हणाला, "पाहा, पाहा. दादा कसे टाइम खाऊन राह्यले. चोराच्या मनात असते तसं."

पंचांतला एक म्हणाला की एवढ्या बारकाईनं मोजणी करून घेणारा माणूस त्यानं जिल्ह्यात पाहिला नाही. तारीफ आली तर घ्यावी. अशी तीन-चार ठिकाणं झाली. ऊन चढलं. मोजणीवाला पोरगा घामाघूम. शेवटी तो लांब, धुऱ्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला, यंत्रात बघितलं, परत बघितलं, आणि तिथून ओरडून सांगितलं की धुरा सरकलेला आहे. पण तो माझ्याकडून चुलतभावाच्या वावरात नाही, त्याच्याकडून माझ्यात. चुलतभावाच्या नांगरानं दर वर्षी थोडा थोडा करून माझा तुकडा खाल्ला होता.

चुलतभावाचा नवा सदरा एकदम जुना दिसायला लागला. असा दिवस माणसाच्या आयुष्यात एखादाच येतो.

"काका, इकडे या," मोजणीवाला म्हणाला. "हद्दीचा दगड कुठं येतो ते स्वतः बघा आणि सही करा."

मी निघालो. मान वर, छाती पुढं. अर्ध्यावर गेलो असेन आणि पोटरी अशी पिळली गेली की पुढचं पाऊल पडेना. खिशात हात घातला. पाकीट रिकामं होतं. सगळ्या सिगारेटी त्या पोराच्या फेरमोजणीत संपल्या होत्या. थांबायला कारण उरलं नव्हतं.

"चला न दादा," चुलतभाऊ मागून म्हणाला, जरा खवचट आवाजात. "तुमचं वावर तुमाले भेटून राह्यलं, अन् तुमी उभेच?"

मी तिथंच ढेकळात बसलो. बसलो म्हणजे पडलोच, पण बसल्यासारखा पडलो.

तो भांडायच्या तयारीनं जवळ आला आणि माझं तोंड पाहून थांबला. माझी चप्पल निघाली होती. त्यानं पंजा बघितला, पांढराफटक, अंगठ्याजवळची जखम, भोवती काळपट कड. हात लावला.

"दादा, हा पाय मेल्यावानी थंडा हाये."

मी पाय मागं ओढला.

"तुमी धुऱ्यावर रोज याच्यासाठी उभे राह्यत होते?"

मी चप्पल शोधायला लागलो.

"अन् मी मोजणी लावली." तो ढेकळात माझ्यासमोर बसला. "एक डाव सांगतलं असतं न दादा. माही जमिनीची पट्टी बी वाचली असती."

हे तो खरं बोलला. त्याचं दुःख दोन प्रकारचं होतं आणि त्यानं दोन्ही लपवली नाहीत.

त्याच दुपारी त्यानं मला मोटारसायकलवर बसवून मेहकरला नेलं. बायकोनं त्याला दारातच बजावलं, "वाटेत टपरीवर थांबू नको. कितीबी म्हणले तरी." वाटेत मी थांब म्हणालोच. तो थांबला नाही.

डॉक्टरीणबाई लहान चणीच्या, माझ्या नातीएवढ्या वाटल्या. मी पाय पुढं केला. त्यांनी पंजावर बोट दाबून धरलं, घोट्यामागे धरलं, गुडघ्यामागे धरलं, मग जांघेत. नाडी शोधत होत्या. मग रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला, तोच पट्टा मग घोट्याला बांधला. इतकं सगळं पायाचं बघितलं आणि विचारलं काय, तर, "आजोबा, सिगारेट ओढता का?"

"बाई, मी पाय दाखवायले आलो."

"ओढतात," चुलतभाऊ म्हणाला. "लय ओढतात."

"तुले कोणी इचारलं?"

बाई हसल्या नाहीत. मी त्यांना माझ्या छातीच्या फोटोचं सांगितलं. फिल्टरची सिगारेट ओढतो, विडी नाही, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग सावकाश सांगितलं. मला जसं कळलं तसं लिहितो. धूर छातीत मुक्कामाला येत नाही. तिथून तो रक्तात उतरतो, आणि रक्त जिथं जाईल तिथं जातो. रक्ताच्या नळीची आतली बाजू गुळगुळीत असते, ती धुरानं खरबडते, तिथं चरबी साचते, नळी बारीक होत जाते. बसलेल्या पायाला थोडं रक्त पुरतं. चालत्या पायाला जास्त लागतं आणि ते नळीतून येत नाही, म्हणून पोटरी बोंब मारते. त्यात वरून प्रत्येक सिगारेट ओढली की नळ्या आणखी आवळतात, आणि रक्त घट्ट होऊन गोठायला बघतं. फिल्टरनं यातलं काही थांबत नाही. आणि छातीचा फोटो साफ म्हणजे नळ्या साफ, असं नसतं. त्या फोटोत त्या दिसतच नाहीत.

"म्हणजे पाय थांबला की मी ओढायचो ती..."

"ती त्याच पायाला आवळत होती," बाई म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत माझी अशी फजिती कोणी केली नव्हती, आणि या बाईनं आवाजही चढवला नव्हता.

मग त्यांनी छातीला तारा लावून पट्टी काढली. पट्टीकडे बघत म्हणाल्या, "आज हृदयाची पट्टी ठीक आहे. पण हृदयाला आणि मेंदूला जाणाऱ्या नळ्याही अशाच असतात, आणि धूर त्यांनाही सोडत नाही. पाय तरी चालताना दुखून आधी सांगतो. हृदय पुष्कळदा एकदमच सांगतं."

"अन् ही जखम?"

"रक्त पोचत नाही म्हणून भरत नाही. पोचलं तर भरेल. नाही पोचलं आणि काळं वाढलं, तर बोट काढावं लागतं. तिथं थांबलं नाही तर पाय."

चुलतभाऊ खुर्चीवर सावरून बसला. मी म्हटलं, "बरं. कमी करतो. जेवण झाल्यावर एक."

"एकही नाही."

"सकाळी चहासंगं. अर्धी."

"आजोबा, हा काही बैलांचा बाजार नाही. तलफ येईल, चिडचिड होईल, त्याला गोळ्या असतात, मी मदत करीन. पण बंद म्हणजे बंद. नाही तर मी औषध देऊन काही उपयोग नाही." मग त्यांनी चुलतभावाकडे बघितलं, त्याच्या लाल दातांकडे. "तुम्ही काय खाता?"

"खर्रा," तो म्हणाला, आणि जरा ऐटीत, "पण धूर नाई त्याच्यात."

"तंबाखू आहे ना? मग तुम्ही पुढच्या वेळी यांच्या शेजारी बसू नका. समोर बसा, पेशंट म्हणून."

त्या दिवशीचं माझं निम्मं दुखणं तिथं बरं झालं.

रक्त पातळ करायची गोळी दिली, चरबीची गोळी दिली, पायाच्या नळ्यांचा फोटो काढायला मोठ्या गावी पाठवायचं लिहून दिलं. जखमेला पट्टी करून दिली, मऊ, पायाला न घासणारं पायताण घ्यायला सांगितलं, आणि चुलीजवळ पाय शेकायचा नाही म्हणाल्या, थंड पायाला चटका कळत नाही. शेवटी म्हणाल्या की चालणं सोडायचं नाही. दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, गेलं की पुन्हा चालायचं. रोज. त्यानं बारीक नळ्या वाट काढतात. मला वाटलं होतं, चालू नका म्हणतील आणि मला गाडीवर बसायला एक सभ्य कारण मिळेल. तेही नाही.

परत येताना अंधार पडला होता. घरासमोर उतरलो तेव्हा चुलतभाऊ घुटमळला. "दादा, ते जमिनीच्या पट्टीचं..."

"दगड निघाला तिथंच रोवाचा."

"हाव," तो म्हणाला. "म्या कुठं नाई म्हणलं." जरा थांबून, "तूर तेवढी काढू द्या."

"काढ."

आत कोनाड्यात एक भरलेलं पाकीट होतं. बायकोनं ते उचलून माझ्यासमोर धरलं. नेहमी तीच लपवायची आणि मी शोधायचो. या वेळी ती नुसती धरून उभी. मी म्हटलं चुलीत टाक. ती म्हणाली, "चुलीत टाकली त धूर होईन, तोबी तुमीच ओढसान." तिनं ते पाकीट भांडी घासायच्या पाण्यात बुडवलं आणि हातानं खाली दाबून धरलं. मी रात्रभर चिडलेलो होतो, कोणावर ते ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाईवर चिडावं तर ती खोटं बोलली नव्हती. चुलतभावावर चिडावं तर त्यानंच नेलं होतं. पायावर चिडून फायदा नव्हता, त्याला रक्तच पोचत नव्हतं, बोलणं काय पोचणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चहा घेतला, नुसता. हात दोनदा खिशाकडे गेला. वावराच्या वाटेनं गेलो असतो तर कोणी बघणारं नसतं. म्हणून मी डोणगावच्या डांबरी रस्त्यानं निघालो, दूध संकलनाच्या वेळेला, सगळं गाव कॅन घेऊन तिथं उभं असतं. बरोबर त्या गर्दीसमोर गोळा आला. मी थांबलो. कोणी तरी विचारलं, काका, कोणाची वाट पाहून राह्यले? मी म्हटलं, "कोणाची नाई. सिगारेटीनं पायाच्या नळ्या बुजल्या, रक्त पोचत नाई, म्हणून थांबलो. जराशानं निंगीन." एक जण खुर्ची आणायला धावला. मी खुर्चीवर बसलो नाही. उभाच राहिलो, गोळा जाईपर्यंत, रिकाम्या हातांनी, आणि मग पुढं चालायला लागलो.